कोठीवर आलेली बाई

तलावाची कोठी, ता. जिंतूर
शुक्रवार, २१ मार्च २०२५

आत्या,

तुला जयभीम, आणि सिद्धोधनला सांग की त्याच्या बहिणीची तब्येत ठीक आहे.

काल तू एवढ्या लांबून आलीस आणि भेट न होताच गेलीस, याची चुटपुट लागून राहिली आहे. दुपारी आमची बैठक होती. येणार हे आधी कळवलं असतंस तर फाट्यावर घ्यायला आले असते. तू ठेवून गेलेला धपाट्यांचा डबा संध्याकाळी व्यंकटरावांनी जेवणघरात आणून ठेवला. व्यंकटराव म्हणजे इथले व्यवस्थापक, तुला मागच्या फाटकात भेटले ते. धपाटे सगळ्यांना आवडले. राजेश्रीताईंनी तीन खाल्ले.

आज सकाळपासून चार वेळा फोन केला. सिद्धोधन म्हणतो, "आत्याच्या कानात फोननं झिणझिण्या येतात, ती बोलत न्हाई." म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रानं तुझ्या कानाला झिणझिण्या येणार नाहीत.

कोठी तुला नीट बघायला मिळाली नसेल. निजामाच्या काळात तलावाचं काम चाललं होतं तेव्हा इथल्या इंजिनिअर साहेबानं ती स्वतःला राहायला बांधली. पुढे सहा कमानींची ओसरी आहे, ओसरीतून सरळ पाणी दिसतं. त्या साहेबाच्या नातवंडांनी संस्था काढली आहे. दरवर्षी तीन लिहिणाऱ्यांना दोन महिने इथे ठेवून घेतात. खोली, जेवण, शांतता, सगळं त्यांचं. आपण फक्त लिहायचं, आणि शेवटी, २७ एप्रिलला, लोकांसमोर वाचून दाखवायचं. मग तिघांचं मिळून एक पुस्तक निघतं.

यंदा एकशेचाळीस अर्ज आले होते. निवडलेल्यांत राजेश्रीताई आहेत, त्यांच्या पाच कादंबऱ्या आहेत. तात्याराव म्हणून नाटकं लिहिणारे म्हातारे गृहस्थ आहेत. आणि मी, जिचं अजून काहीच छापून आलेलं नाही. माझी निवड 'माझी पहिली शाळा' या एका लेखावर झाली. तो तुझ्यावर आहे हे तुला बोलले होते. वाचून दाखवायचं राहिलं.

उन्हानं तलाव आत सरकला आहे. काठाला चिखलात बगळे उभे असतात. तू आली होतीस तेव्हाही असतील.

पत्र मिळालं की सिद्धोधनकडून दोन ओळी पाठव.

तुझी
नीलम


कोठी
शनिवार, २९ मार्च

आत्या,

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. त्या का आल्या नाहीत हे मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की भेट झाली नाही. झाली होती.

लहानपणी मी तोतरं बोलायचे म्हणून पोरं चिडवायची, मी शाळेत पाय ठेवायला तयार नव्हते, आणि आई-वडील गंगाखेडला साखर कारखान्यावर कामाला. त्या तीन वर्षांत तूच मला घरी शिकवलंस. पाटीवर मी वाक्य लिहायचे आणि तू विचारायचीस, "हे खरं हाय का?" खरं नसलं की ओल्या फडक्यानं पुसायचं. "मांजर दूध पिते" लिहिलं तर म्हणायचीस, "आपल्या घरी मांजर कुठाय? जे हाय ते लिही." तिसरीत एकदम शाळेत घातलंस तेव्हा बाईंनी विचारलं, एवढं शुद्ध कुठं शिकलीस? तुझ्याकडे शिकलेली मी, आणि तुलाच लिहिलेल्या पहिल्या पत्रात खोटं वाक्य.

तर मग गुरुवारी जे झालं ते असं. दीड वाजता आम्ही तिघं जेवायला आत आलो. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक मोठी खिडकी आहे, तिच्यातून ताटं येतात. खिडकीतून मला मोरीवर बसलेली पाठ दिसली. पदर खोचलेला, मनगटापर्यंत राख. मला पाठच पुरली. तुझी पाठ मी पंचवीस वर्षं बघते आहे.

राजेश्रीताई म्हणाल्या, "नवीन बाई मिळाली वाटतं. चला, नर्मदाबाईंचे हाल संपले." नर्मदाबाई म्हणजे इथल्या स्वयंपाकीणबाई. त्यांच्या हाताखालची सविता बाळंतपणाला माहेरी गेली आहे आणि व्यंकटराव पंधरा दिवस नवीन बाई शोधत होते.

मग तू वळलीस. हात धुऊन, पुसून, भाकरीची टोपली घेऊन तू जेवणघरात आलीस आणि मला बघून हसलीस. तोंड उघडलंस. मला 'बब्या' म्हणणार होतीस, हे मला तुझ्या ओठांवरून दिसलं.

आणि मी म्हटलं, "मावशी, जरा पाणी द्या ना."

तू तशीच थांबलीस. तात्याराव भाजी वाढून घेत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मग तू तांब्या आणलास, माझ्या पेल्यात पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "घ्या ताई."

मी ते पाणी प्यायले.

मी गोंधळून गेले होते, आत्या. इतक्या लोकांत अचानक तुला बघून काय बोलावं ते सुचलं नाही. माझी जीभ कशी अडकते ते तुला माहीत आहे. तसंच काहीतरी झालं.

मला माफ कर.

नीलम


कोठी
रविवार, ६ एप्रिल

आत्या,

मागच्या पत्राचा शेवट मी आठ दिवसांत पुष्कळदा मनात वाचला. "काय बोलावं ते सुचलं नाही." जीभ अडकली नव्हती. एकदाही न अडखळता मी ते वाक्य बोलले. तुला मावशी म्हणायचं हे मी ठरवून केलं, आणि ठरवायला मला एक क्षण पुरला.

कारण आता लिहिते. इथून पुढचं तू वाचलं नाहीस तरी मी समजून घेईन.

अर्जासोबत जो लेख पाठवला त्यात तू अंगणवाडीतली मदतनीस नाहीस. त्यात तू शिक्षिका आहेस. गावातल्या शाळेत शिकवतेस, पांढरं पातळ नेसतेस, खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं. घरी येऊन भाचीला शिकवतेस. पाटी, फडकं, मांजराचं वाक्य, सगळं जसंच्या तसं आहे. एक हुद्दा तेवढा बदलला आहे.

एकतीस वर्षं तू सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा केलीस, अंगणवाडी झाडलीस, खिचडी शिजवलीस, पोरांची ढुंगणं धुतलीस, आणि उरलेले खडूचे तुकडे पदराला बांधून माझ्यासाठी आणलेस. पहिल्या मसुद्यात हे होतं. मी ते काढलं. मनाशी म्हटलं, 'मदतनीस' वाचलं की लोकांना पुढचं सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं वाटेल, आपला बौद्धवाडा, आपली गरिबी, त्यांची हळहळ. मला हळहळ नको होती. असं मी स्वतःला समजावलं.

हेही पूर्ण खरं नाही. तू शिक्षिका असायला मला हवी होतीस.

तू आलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी, बुधवारी, मी तो लेख ओसरीत सगळ्यांना वाचून दाखवला होता. राजेश्रीताईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "समारोपाला बोलवा या बाईंना. पुस्तकाचं प्रकाशन त्यांच्याच हस्ते करू. आपल्याकडे असे शिक्षक आता राहिले नाहीत." संस्थेच्या लोकांना त्यांनी तेव्हाच फोनही लावला. आणि दुसऱ्या दिवशी तू मोरीवर होतीस.

तुला आत्या म्हटलं असतं तर राजेश्रीताईंनी लगेच विचारलं असतं, "ह्याच का त्या?" मला दोनच वाटा दिसल्या. एक तर लेख खोटा ठरवायचा, नाही तर तुला. मी तुला ठरवलं.

तू त्यानंतर दोन तास भांडी घासलीस. मी माझ्या खोलीत बसून होते आणि मला आवाज येत होता. चारच्या गाडीला तू निघालीस तेव्हा खिडकीतून दिसलीस, बांधावरून जाताना. मी पळत येऊ शकले असते. चप्पल घातली होती मी, एवढं लिहिते.

नीलम


कोठी
गुरुवार, १० एप्रिल

आत्या,

आज मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मी सांगून टाकलं.

काल सकाळी आधी राजेश्रीताईंना सांगितलं, सगळं, लेखातल्या हुद्द्यासकट. मला वाटलं होतं त्या उठून जातील. त्या चहा ढवळत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, लिहिताना एवढं इकडंतिकडं होतंच. संस्थेला कळव, छापताना शब्द बदलतील." मग एकदम पुढे झुकल्या. "पण नीलम, हे जे तू आता सांगितलंस ना, खिडकी, पाणी, 'घ्या ताई', हे लिही. आधीच्या लेखाच्या दहा पट आहे हे. तोच लेख काढून टाक आणि हे दे." त्यांचे डोळे चमकत होते. मला कसंसंच झालं, आणि खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं.

व्यंकटरावांना सांगणं जड गेलं. ते बांधावर, तलावातून पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड बघत उभे होते.

"काय म्हणता ताई? ती बाई तुमची सख्खी आत्या?"

"हो."

"अन् मी त्यांना फाटकातच म्हटलं, आलात का बाई, या, लवकर बसा, पंगत बसायची वेळ झाली. त्या काही बोलल्याच न्हाईत. पिशवी ठेवली अन् बसल्या मोरीवर." ते खाली दगडावर बसले. "कढईला खाली काळं राहिलं व्हतं. मी म्हटलं, बाई, नीट घासा. त्यांनी परत घासली. पाव्हणीला मी कढई परत घासायला लावली, ताई!"

"तुमची चूक नाही. माझी आहे."

"जेवा म्हटलं तर म्हणाल्या, गुरुवार हाय, उपास हाय. तशाच उपाशी गेल्या. माझ्या घरच्या सात पिढ्यांत पाव्हणा उपाशी गेला न्हाई. तुमी माझ्या हातून काय करून घेतलंत?"

आत्या, तू जन्मात गुरुवार धरलेला नाहीस.

व्यंकटराव उद्या सकाळी मोटारसायकलवर ताडकळसला तुझ्या घरी येणार आहेत. साडी-चोळी घेऊन, समक्ष माफी मागायला. "मी मागितली न्हाई तर मला घास उतरायचा न्हाई," म्हणाले. साडी त्यांनी आज जिंतूरहून आणली. रंग मी सांगितला, तुला आवडतो तो मोरपंखी. हे पत्र तुला मिळेल तोवर ते येऊन गेलेले असतील. त्यांचं ऐकून घे. भला माणूस आहे.

आता कुणापासून काही लपवलेलं नाही. जयंतीला घरी येते, तेव्हा बोलू.

तुझी
नीलम


कोठी
बुधवार, १६ एप्रिल

आत्या,

मी काय केलं ते मला जयंतीच्या दिवशी विहारासमोर कळलं.

मिरवणुकीआधी बायका सावलीत बसल्या होत्या. मी तुला शोधत होते. शेजारच्या तानुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "का गं नीलम, तुज्या कोठीत पाव्हण्याला कढई देतात व्हय घासायला? आमी बी येतो मंग. आमच्या हाताला लय सवय हाय."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "न्हाई न्हाई, तिथं तर लेखकीणबाया पाया पडत्यात हिच्या आत्याच्या, कुसुमबाईच्या. कुसुमबाईनंच सांगितलंय."

तेव्हा मला एकेक कळत गेलं. कोठीवरून परत आल्यावर तू गल्लीत सांगितलं होतंस, की पोरीनं मला मधोमध बसवलं. साहेब लोकांनी स्वतःच्या हातानं ताट वाढलं. एक मोठी लेखिका माझ्या पाया पडली. तीन आठवडे गल्ली हे ऐकत होती. पाटीवरचं एक खोटं वाक्य न चालणारी तू. माझी अब्रू राहावी म्हणून तू हे बोललीस, आणि तुझीही.

आणि शुक्रवारी सकाळी व्यंकटराव आले. दारात पाच बायका ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, माझ्यामुळं तुमाला आमच्याकडं भांडी घासावी लागली." वर साडी. मोरपंखी.

मी त्यांना पाठवलं होतं. रंगसुद्धा सांगितला होता.

तू मागून येऊन तानुबाईंना एवढंच म्हणालीस, "तानुबाई, तुज्या घरचं मी कधी चव्हाट्यावर काढलं का?"  मग मला घरी नेलंस आणि उंबऱ्यात म्हणालीस, "या. बसा. चहा घेता का?"

मी तुझ्या मांडीवर वाढले आणि तू मला 'या' म्हणालीस. चहा कपबशीत दिलास, पाहुण्याला देतात तसा. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत पेटीवर तशीच पडली होती.

बायका मिरवणुकीत गेल्या तेव्हा घरात आपण दोघीच होतो. मी म्हटलं, आत्या, मला खरं सांगून टाकायचं होतं. त्यावर तू जे बोललीस ते इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या हातून पुढे त्यात काही बदल होणार नाही.

"खरं सांगायचं व्हतं तर मला सांगायचं. त्यांना कामून सांगितलं?"

"तुला पत्रात लिहिलं होतं."

"वाचले की. तिन्ही वाचले. कुणाला दाखवले का मी? सिद्धोधनला बी न्हाई. तू माझ्यापाशी बोलली, मी ठिवून घेतलं. आता सगळ्या गावाला ठावं झालं, का कुसुमबाईला तिच्या भाचीनं वळखलं न्हाई. तुला मोकळं वाटलं असंल. मी कुठं जाऊ मोकळं व्हायला?"

मी कपबशी मोरीत नेऊन विसळली. 

मी समजत होते की माझी चूक एक आहे आणि ती गुरुवारी झाली. पाणी मागितलं तेव्हा तुला ओळख दाखवली नाही, ते पाप फक्त तुझ्या-माझ्यात होतं. तू ते झाकून ठेवलं होतंस. मी ते उघडं केलं, कारण मला झोप येत नव्हती. माझी झोप तुझ्या अब्रूपेक्षा मोठी झाली.

सिद्धोधन मला स्टँडवर सोडायला आला होता. वाटेत मी विचारलं, आत्या त्या दिवशी कोठीवर का आली होती? धपाट्यांसाठी कुणी दोन गाड्या बदलून येत नाही.

तो म्हणाला, "तुला ठावं न्हाई? तीस तारखेला आत्या कामावरून निवृत्त व्हायलीय. अंगणवाडीच्या बाईनं अन् सरपंचानं कार्यक्रम ठिवलाय. आत्या मनली, पयलं आवतन नीलमचं. फोनवर आवतन व्हत न्हाई, समक्ष जावं लागतं. अन् तिला दोन शब्द बोलायला लावलेत. तिला कळंना काय बोलावं. मनली, नीलमला इचारून येते, ती लिहिणारी हाय."

मग स्टँडवर मला उतरवून तो म्हणाला, "भांडी तिनं कामून घासली तेवढं सांगितलं तिनं मला, तो माणूस येऊन गेल्यावर. मनली, त्यांच्या घरात अडचण दिसली. अडचणीच्या घरी पाव्हणीनं हात लावू न्हाई का? मला वाटलं नीलम यील, मनंल ही माझी आत्या, अन् सगळे हसतील. तेवढीच गंमत."

गाडी आली म्हणून मला त्याच्याकडे बघावं लागलं नाही.

नीलम


कोठी
रविवार, २७ एप्रिल

आत्या,

आज समारोप झाला. परभणीहून, जिंतूरहून लोक आले होते, ओसरी भरली होती. 'माझी पहिली शाळा' मी वाचला नाही. संस्थेला तो मागे घेतल्याचं लेखी कळवलं. का, असं त्यांनी विचारलं. लेखात मी चुकीची माहिती दिली होती आणि चूक फक्त माझी आहे, एवढंच लिहिलं. तुझं नाव कुठेही आलं नाही. ते नाराज झाले, पुढच्या वेळी अर्ज करू नये असं सौम्य शब्दांत सांगितलं. ते बरोबरच आहे. पुस्तक निघालं ते दोघांचंच आहे. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. तात्यारावांचं नाटुकलं फार छान होतं, लोक पोट धरून हसले.

संध्याकाळी राजेश्रीताई माझ्या खोलीत आल्या. मी कपडे भरत होते.

"त्या गुरुवारचं लिहिलंस का?"

"नाही."

"आता नाही तर सहा महिन्यांनी लिही. पण लिही. तुझ्या हातून होणारं सगळ्यात चांगलं तेच असेल, मी सांगते."

"ते माझं एकटीचं नाहीये, ताई."

"कुणाचंच एकट्याचं नसतं. असं बघत बसलं तर कुणी काही लिहिणारच नाही." त्या पलंगावर बसल्या. माझ्यावर त्यांचा जीव आहे, हे खोटं नाही. "वाया घालवतेस तू."

"जाऊ द्या वाया."

हे म्हणताना मला मोठेपणा वाटला नाही. त्यांचं खरं आहे हे मला माहीत आहे. ते लिहिलं तर चांगलं होईल. रात्री डोळे मिटले की त्याची वाक्यं आपोआप जुळून येतात, आणि त्यांची मला भीती वाटते. मी ती कागदावर उतरवणार नाही. तुला लिहिलेल्या या पत्रांखेरीज ते कुठेही असणार नाही, आणि पत्रं तुझ्याजवळ आहेत. ती तू जाळलीस तरी माझी तक्रार नाही.

व्यंकटरावांशी मी पुन्हा बोलले. त्यांना ताडकळसला काय झालं ते सांगितलं नाही. ते समाधानानं जेवतात आता. ते मोडायचा मला हक्क नाही.

तू दोन शब्दांबद्दल विचारायला आली होतीस. मी खूप विचार केला. आत्या, तुला सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही. तू एकतीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलंस, मलाही तूच शिकवलंस. जे येईल ते बोल. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर लांब धर, नाही तर फुसफुस आवाज येतो. एवढंच मला माहीत आहे.

बुधवारी मी येणार आहे. सकाळी जिंतूरहून निघते, कार्यक्रम अकराला आहे असं सिद्धोधन म्हणाला. मला आवतन नाही. तू ते द्यायला आली होतीस हे खरं, पण दिलं नाहीस आणि नंतर पाठवलंही नाहीस. दिल्यासारखंच आहे, असं मी धरून चालणार नाही. आपल्याकडे न बोलावता आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. सारी गल्ली असेल. तुझ्यासोबतच्या मदतनीस असतील. त्या दिवशी मी काय केलं ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्यामधून चालत मला यायचं आहे. तू मला खुर्ची दिलीस तर बसेन, नाही दिलीस तर मागे उभी राहीन. जेवायला थांब म्हणालीस तर थांबेन. 'या' म्हणालीस तरी येईन.

आज रविवार. उद्या टाकलं तरी हे पत्र तुला माझ्यानंतर मिळेल. म्हणजे मी मांडवाच्या तोंडाशी दिसेन तेव्हा तुला काही कल्पना नसेल, आणि तोंडावर काय आणायचं ते ठरवायला तुलाही एक क्षणच मिळेल. हे मी मुद्दाम करत नाही. फोन मी आजही लावला होता, कुणी उचलला नाही.

तानुबाई पुढच्याच रांगेत असतील. त्या विचारतील, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुला कुणी बोलावलं गं?"

मी म्हणेन, कुणी नाही.

तुझी भाची,
नीलम